मधला खांदा आणि ग्लिसरीनचा थेंब

धागाकर्त्याने गॅलियम फॉस्फाइडच्या नॅनोतारांच्या रामन स्पेक्ट्रममध्ये (विखुरलेल्या लेझर प्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणारा आलेख) दोन शिखरांच्या मध्ये दिसणारा खांदा, म्हणजे छोटा उंचवटा, कशाचा असं विचारलंय. त्यावर वर आलेलं "दोन शिखरांच्या मधला खांदा म्हणजे नमुना अशुद्ध" हे निदान मला पटत नाही. गॅलियम फॉस्फाइडमध्ये टीओ (लाटेला आडव्या कंपनाचं शिखर) ३६५च्या आसपास, एलओ (लाटेच्याच दिशेतल्या कंपनाचं) ४०२च्या आसपास (तरंगसंख्या, प्रति सेंटीमीटर). या दोघांच्या मध्ये, एलओला बिलगून काही दिसलं तर पहिला संशय पृष्ठभागावरच्या फोनॉनचा (स्फटिकातल्या अणूंच्या सामूहिक कंपनाचा) घ्यायचा. कुणीतरी क्वांटम बंदिस्तपणाही (अतिसूक्ष्म आकारात कंपनं कोंडली जाणं) सुचवलाय, पण तो साधारण १० नॅनोमीटरच्या खाली ठळक होतो. धागाकर्त्याच्या तारा ५० नॅनोमीटर जाडीच्या आहेत.

काचपट्टीवरच्या तारांवर ग्लिसरीनचा थेंब टाका आणि पुन्हा रामन घ्या. पृष्ठभागाच्या फोनॉनचं विद्युतक्षेत्र तारेबाहेरही पसरलेलं असतं, त्यामुळे हवेच्या जागी जास्त परावैद्युतांकाचं (विद्युतक्षेत्राला जास्त प्रतिसाद देणारं) माध्यम आलं की तो खांदा कमी तरंगसंख्येकडे सरकतो. टीओ-एलओ जागचे हलत नाहीत. तेही हलले, आणि उलट्या दिशेला, तर समजा की लेझरने तारा तापत होत्या नि थेंबाने त्या गार केल्या. पुण्यात गणेशखिंडीत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आमचं नेमकं हेच चालायचं. लेझरची पॉवर उतरवल्यावर गाडी रुळावर आली. नुसत्या ग्लिसरीनचा स्पेक्ट्रम मात्र आधी घेऊन ठेवा, नाहीतर त्याच्याच पट्ट्या तारांच्या नावावर खपतील.

आणखी एक. अगदी गुळगुळीत, एकसारख्या जाडीच्या तारेत हा खांदा सहसा उमटत नाही, जाडीत थोडा चढउतार लागतो. टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) चित्रं असतील तर तारांच्या कडा नीट बघा आणि इथे टाका.