नर उंदरांना लिव्हर ट्यूमर जास्त का होतात? जर्नल क्लब आहे, मदत करा

पाषाणवाली: एमएस्सी झूलॉजी, सेकंड इयर. शुक्रवारी जर्नल क्लब आहे आणि माझ्या वाट्याला नेमका डायइथाइलनायट्रोसमीनचा पेपर आलाय, म्हणजे डीईएन, लिव्हर कॅन्सर घडवणारं रसायन. १५ दिवसांच्या पिल्लांना एकच इंजेक्शन द्यायचं आणि मग आठ-नऊ महिने वाट बघायची, एवढं कळलं. पण नरांमध्ये जवळपास सगळ्यांना ट्यूमर आणि माद्यांमध्ये थोड्यांनाच, हे काय गौडबंगाल आहे? टेस्टोस्टेरॉनमुळे डीएनए जास्त खराब होतो का? सर फार खोदून विचारतात हो.

हिस्टो_ताई: नाही गं, तिथेच घोळ होतोय. डीएनए खराब करतं ते डीईएनच, लिव्हरमधल्या एन्झाइमनी अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर. हार्मोनचा खेळ नंतर, उंदीर वयात आल्यावर. इंजेक्शननंतर नराचं कॅस्ट्रेशन केलं (वृषणं काढली) तरी गाठी कमी होतात आणि मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं की वाढतात, म्हणजे बिघडलेल्या पेशी दोघांकडेही आहेत, त्यांना खतपाणी फक्त नराकडे जास्त मिळतं. मी गाठी मोजायचं काम केलंय, नराचं लिव्हर ट्रेमध्ये ठेवलं की पांढुरकी टेंगळं लांबूनच दिसतात, मादीचं एकेक लोब उलटून शोधत बसावं लागतं.

कोथरूडचा_काका: ताईंचं बरोबर, पण हार्मोन थेट त्या पेशीवरच काम करतं असं मात्र म्हणू नकोस, सर तिथेच पकडतील. केम्प आणि ड्रिंकवॉटर यांचं १९८९ चं काम बघ. अँड्रोजेन रिसेप्टर (टेस्टोस्टेरॉनचा संदेश पकडणारं प्रोटीन) बिघडवणारं टीएफएम म्युटेशन एक्स क्रोमोसोमवर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे एका एक्सवर ते असलेल्या मादीत काही पेशींत रिसेप्टर चालू, काहींत बंद. तिला टेस्टोस्टेरॉन दिलं तर रिसेप्टर नसलेल्या पेशींच्याही गाठी वाढल्या! रिसेप्टर लागतो, पण तो त्याच पेशीत असायला हवा असं नाही.

उंदीरमामा: इस्ट्रोजेन विसरू नका लोकहो. २००७ मध्ये ‘सायन्स’ जर्नलमध्ये आलं होतं, लिव्हरमधल्या कुफर पेशी (तिथल्या इम्यून पेशी) डीईएननंतर आयएल-६ हे सूज वाढवणारं प्रोटीन सोडतात, इस्ट्रोजेन ते दाबतं. आयएल-६ नसलेले उंदीर घेतले तर नर-मादी फरकच गेला. त्याच वर्षी ब्लॅडरचंही आलं, पाण्यातून बीबीएन हे ब्लॅडर कॅन्सर घडवणारं रसायन दिलं पण अँड्रोजेन रिसेप्टर नॉकआउट (त्याचा जीनच बंद केलेल्या) उंदरांना कॅन्सर झालाच नाही.

पाषाणवाली: बापरे, थँक्यू सगळ्यांना! पण माझ्या पेपरात फक्त नरच घेतलेत आणि डिस्कशनमध्ये निष्कर्ष सरसकट "उंदरांमध्ये" असा काढलाय.

हिस्टो_ताई: मग तीच पहिली स्लाइड कर.