बोस्टन फर्नची टोकं करपतायत, खत कमी पडतंय का जास्त?

गच्चीवाली: नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी बोस्टन फर्न आणलं तेव्हा काय झुपकेदार होतं, आता एप्रिल लागल्यापासून टोकं करपून पार कुरकुरीत झालीत. उपाशी असेल म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) देतेय दर रविवारी, लिटरला एक चमचा, गुलाबाला देते तेवढंच. हॉलमध्ये खिडकीपाशी आहे, थेट ऊन नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी साठवून तेच घालते. शेजारच्या काकू म्हणतात डीएपी खताचे चार दाणे टाक. टाकू का? आणि पानांमागं ओळीनं तपकिरी ठिपके आलेत, कीड आहे का ती?

जुळेसोलापूरकर: ताई डीएपीचं नावच काढू नका! फर्न म्हणजे कमी खाणारं झाड, मुळं एकदम नाजूक, त्याला गुलाबाचा खुराक दिला तर करपणारच. त्यात आरओच्या त्या पाण्यात क्षार आधीच जास्त असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतोय का बघा.

गच्चीवाली: अय्या, आहे की! मला वाटलं बुरशी.

जुळेसोलापूरकर: बुरशी नाही, क्षारच ते. आता खत बंद. पाणी येईल त्या दिवशी कुंडी बाथरूममध्ये न्या आणि नळाचं साधं पाणी हळूहळू ओता, आठ इंची कुंडी असेल तर अर्धी बादली तरी, सगळं खालून निथळू द्या. बशीत साचलेलं फेकायचं. पुन्हा खत थेट पावसाळ्यात, नवी कोंबं दिसली की, महिन्यातून एकदा, लिटरला पाव चमचा भरेल न भरेल एवढंच, आणि माती ओली असतानाच. नाहीतर मूठभर गांडूळ खत वरून पसरा, ते सगळ्यात बिनधोक. थंडीत काहीच नको.

कुंडीबहाद्दर: सगळं खतावर ढकलू नका राव, आपल्याकडं ४२ डिग्री आणि हवा कोरडी ठाक, बिचारं फर्न मुळात दमट सावलीतलं. कूलरच्या खोलीत ठेवा पण थेट झोतात नको. एसीचं पाणी मिळालं तर तेच घाला, त्यात क्षार जवळपास नसतातच. करपलेली पानं हिरवी व्हायची नाहीत, बुडातून कापा. आणि ते ओळीतले ठिपके म्हणजे बीजाणू, फर्नचं बीच म्हणा, कीड नाही. आमच्या सौ.नी पहिल्या फर्नचे सगळे खरवडून काढले होते, दोन तास बसून.

गच्चीवाली: मी पण चार पानं खरवडली 😅 बरं, ते निथळलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं तर चालेल ना? ओतून द्यायला जीव होत नाही.

जुळेसोलापूरकर: नको, क्षार तिकडं जातील. फरशी पुसा.