शब्दचर्चा: ‘कारुण्याची झालर’

प्रश्न : कचेरीतल्या माणसांवरच्या एका मालिकेबद्दल लिहिताना ‘विनोदाला कारुण्याची झालर’ असं सवयीनं लिहून गेलो आणि मग खटकलं. सबंध भागच सहकाऱ्याच्या मृत्यूवर असेल, तर झालर कशी म्हणायची? ‘काळा विनोद’ चालेल का?

प्रतिसाद : खटकलं ते बरोबरच. झालर कडेला लावतात. ती उसवली तरी कापड शाबूत राहतं. काळा विनोद मरणाचीच टर उडवतो. तुम्ही म्हणता तो प्रकार वेगळा आहे.

‘द मेरी टायलर मूर शो’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा ऑक्टोबर १९७५ मधला भाग आठवा. मिनीआपोलिसच्या टीव्ही केंद्रावरचा चकल्स नावाचा विदूषक शेंगदाण्याच्या वेषात मिरवणुकीत जातो आणि हत्ती त्याला शेंगेसारखा सोलायला जातो. त्यातच तो दगावतो. न्यूजरूममध्ये सगळे खिदळतात, एकटी नायिका मेरी त्यांना रागावते. अंत्यविधीच्या वेळी मात्र पाद्री त्याचे जुने खेळ गंभीरपणे सांगू लागतो आणि हसू आवरेना होतं ते मेरीलाच. पाद्री म्हणतो, हसा, त्याला तेच आवडलं असतं. आणि तिला रडू फुटतं.

यातलं ‘फुटतं’ बघा. मराठीत हसूही फुटतं आणि रडूही. दोन्ही येतं, दाटतं, दाबावं लागतं, आवरत नाही. आपण त्यांचे कर्ते नसतोच, ती आपल्याला होतात. साहित्यशास्त्रानं हास्य आणि करुण हे विरोधी रस मानले, पण बोलीनं दोघांना एकच क्रियापद दिलं. मला इथे बोली अधिक खरी वाटते.

प्रश्न : पण हे कचेरीतच इतकं का जमतं? घरच्या मृत्यूवरही विनोद होतोच की.

प्रतिसाद : होतो, पण घरी दुःखाला शब्द आणि दिवस ठरलेले असतात : सुतक, दहावा, तेरावा. सुतक भाऊबंदांना लागतं. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्याला ते लागत नाही. त्याच्या वाट्याला शोकसभा आणि दोन मिनिटं स्तब्धता येते, मग फायली. अमेरिकन ‘द ऑफिस’ मालिकेत (२००६) जुना साहेब वारल्यावर आताचा साहेब मायकेल स्कॉट याचं हेच होतं. कोणी हळहळत नाही, म्हणून तो मेलेल्या पाखराचा अंत्यविधी पार्किंगमध्ये करायला लावतो. हास्यास्पद आहे खरं. पण त्याला रडायला दुसरी जागा कुठे होती?

तेव्हा ‘झालर’ काढा. ‘अस्तर’ लिहिलंत तर निदान आतून लागलेलं असतं. मी मात्र सरळ ‘हसता हसता रडू फुटतं’ असंच लिहीन.