मदत हवी आहे: घरशाळा आणि पावसाळा (नाशिक)

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला राहतो. थोरली दहा पूर्ण, धाकटा सात. दोघं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. हे बरोबर की चूक यावर इथे आधीच भरपूर खडाजंगी झालेली आहे, तेव्हा त्यासाठी कृपया जुने धागे वापरावेत. मला मदत हवी आहे ती जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी.

बाकीचं वर्ष झकास जातं. ते कसं हे आधी सांगतो, म्हणजे घोडं कुठे अडतं ते कळेल. मी घरूनच काम करतो, लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी. बायको बँकेत, त्यामुळे दिवसा मुलांजवळ मी. नाश्ता झाला की दोनेक तास वाचन, लेखन, गणित. पुस्तकं बालभारतीचीच, पीडीएफ फुकट मिळतात, हवी तशी मागेपुढे करतो. थोरलीचा भूगोल सहावीचा चाललाय आणि शुद्धलेखन अजून तिसरीचं, त्याला इलाज नाही. जेवणं झाली की मी कामाला आणि ती दोघं आपापल्या उद्योगाला. महिन्याच्या ११ आणि २० या जीएसटीच्या तारखांच्या आधी मी कोणाच्याच उपयोगाचा नसतो, तेव्हा आजी किल्ला लढवतात.

पण आमचं सगळं चालतं ते बाहेर पडण्यावर. मुलांच्या मामांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून खुड्यापर्यंत तिकडे चकरा असतात. एकाच वेलीची वर्षात दोनदा छाटणी का, एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची घडांसाठी, हे धाकटा आता पाहुण्यांना समजावून सांगतो, पाहुण्यांची इच्छा असो वा नसो. ऐन थंडीत निफाडला पारा पाच-सहाच्या घरात उतरतो, कधी पानांवरचं दव गोठतं, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. धूर नेमकं काय करतो यावर थोरलीने मामांशी घातलेला वाद अजून मिटलेला नाही.

त्याच बाजूला नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं पाणथळ, रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेल्याचं २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. थंडीतल्या रविवारी तिथे मनोऱ्यावर उभं राहायला जागा नसते, मंगळवारी अख्खा मनोरा आमचा. शाळेत न जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता असं मला विचाराल तर मंगळवार. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, यातलं एकही नाव पाठ करून घ्यावं लागलं नाही.

मार्चमध्ये त्र्यंबकच्या बाजूला पळस बघायला जातो. एप्रिलमध्ये मामांचा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत जातो. थोरलीने लासलगावचा भाव रोज वहीत उतरवून आलेख काढला आणि शेतकऱ्याने कांदा किती दिवस धरून ठेवावा असा प्रश्न स्वतःच काढला. उत्तर मामांनाही आलं नाही. २० मेच्या आसपास नाशिकला शून्य सावली असते, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा भर दुपारी गच्चीत पाइपाचा तुकडा उभा करून बसतो. मेअखेरीला भंडारदऱ्याचे काजवे, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, कारण शनिवारी तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त.

आणि मग मृग लागतो. पहिला पंधरवडा मजेचा असतो. मखमली किडे, चिखल, गच्चीवर भिजणं. आर्द्रा सरता सरता सगळं ठप्प होतं. हिवाळी पक्षी नाहीत. बागेत चिखल आणि रोज फवारणी. पहिने, दुगारवाडीकडे सुट्टीला हुल्लड असते आणि एरवीही धबधब्याचं पाणी अचानक वाढतं, लहान मुलं घेऊन मी तिकडे जात नाही, कृपया सुचवू नका. त्यात जुलै ते सप्टेंबर म्हणजे माझा विवरणपत्रांचा हंगाम. सकाळचे दोन तासही धड होत नाहीत. मुलं घरात एकमेकांच्या झिंज्या उपटतात, आणि मग जे व्हायचं तेच होतं, आजींचा मोबाइल.

थोरलीची अडचण वेगळी आहे. सोसायटीतल्या मैत्रिणी शाळा, क्लास करून सहाला घरी येतात. एरवी खाली खेळतात, पावसात त्याही दाराआड. परवा म्हणाली, बाबा, मी पाचवीची परीक्षा देऊ का? तिला परीक्षा हवीय की परीक्षेला येणाऱ्या मुली, हे मला कळलेलं नाही.

तर, पावसात घराबाहेर काय करता येईल, घरात काय, आणि पाचवीचं कोणी केलंय का?

इगतपुरीकर

दादा, पाऊस आमच्याकडे, आणि तुम्ही दाराआड बसता होय! जुलैत भाताची आवणी, म्हणजे लावणी, बघायला या. राब (रोपांसाठी भाजलेली जमीन) आधी पाहिला नसेल तर निम्मी मजा गेली म्हणा, तो उन्हाळ्यात भाजतात. तरी चिखलणी, रोपं उपटून मूठ बांधणं, ओळीने आवणी, एका दिवसात सगळं दिसतं. फक्त ओळखीच्या घरी जा आणि आधी विचारा. आवणीला माणसं आधीच कमी पडतात, त्यात पाहुण्यांची पोरं पायात आली की घरधनी तोंडाने काही बोलत नाही, पण मनात बोलतो. मुलांना एक ओळ लावू द्या, वाकडी लागेल, लागू द्या. उतारावर नागली-वरई असते, तीही दाखवा. रेनकोटपेक्षा इरलं (डोक्या-पाठीवर घ्यायचं विणलेलं छत) बरं, वाकून काम करताना पाठ कोरडी राहते.

सरळ_प्रश्न

वाद नको म्हणालात म्हणून एकच वाक्य. मुलगी मैत्रिणी मागतेय, त्या शाळेत आहेत.

हिशेबनीस

@सरळ_प्रश्न, पटतं. तिला तसं विचारलंही. रोज जायचं का म्हटल्यावर मंगळवारचं काय, असं तिने विचारलं. दार बंद केलेलं नाही, एवढंच सांगतो.

निवृत्त_बाई

पाचवीबद्दल लिहिते. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यांची पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा असते. पाचवीला वय दहा पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या लेकीला चालेल. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, एनआयओएस. त्यांच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या, आणि दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. अर्जाच्या तारखा दरवर्षी संकेतस्थळावरच बघा, कोणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

आता माझं मत. पाचवी नाही दिली तर काही अडेल असं समजू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. घरी शिकवणाऱ्यांबद्दल तो कायदा थेट काही बोलत नाही, तो गोंधळ आहेच, पण परतीची वाट उघडी आहे. तेव्हा मुलीला हौस असेल तर द्या, तुमच्या धास्तीपोटी देऊ नका. आणि नोंदी ठेवा. द्राक्षछाटणी, कांद्याचा भाव, पक्षी, हे सगळं तारखेसह वहीत असू द्या. मी बत्तीस वर्षं शाळेत काढली, कांदा किती दिवस धरावा असा प्रश्न माझ्या वर्गात कोणी काढला नव्हता.

शुद्धलेखनाचं मात्र बघा हो.

म्युनिकची_मावशी

आमच्याकडे हा धागाच निघाला नसता! जर्मनीत शाळा सक्तीची, घरी शिकवलं तर दंड. पण इथल्या वनबालवाड्यांमधून घेण्यासारखं एक आहे. ही पोरं पावसात, बर्फात, रोज बाहेरच असतात. त्यांना वर छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि गुडघ्यापर्यंत बूट घालतात, मग चिखलात लोळली तरी आतून कोरडी. आपण छत्री धरतो, एक हात तिथेच अडकतो. नाशिकला ती विजार मिळेल का ठाऊक नाही, पण साध्या रेनसूटची पँट बुटांवरून बाहेर काढली तरी बरंच काम होतं.

दापोली_डायरी

आम्हीही घरशाळावाले, तीन मुलं. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण कोकणात पाऊस थांबायची वाट बघत बसलो तर दिवाळीच येईल. आम्ही वर्षच उलटं केलंय. पुस्तकी अभ्यास सगळा पावसाळ्यात. ऑक्टोबर ते मे वह्या जवळजवळ बंद, त्या दिवसांत बाहेर इतकं काही चालू असतं की टेबलाशी बसवणं म्हणजे छळ. जूनमध्ये नव्या वह्या आणायच्या, व्याकरण, अपूर्णांक, पाढे, जे जे कंटाळवाणं ते सगळं धो धो पावसात. बाहेर पडायचा मोहच नसतो, त्यामुळे मुलंही कुरकुरत नाहीत (फारशी).

तुम्ही बारा महिने दोन तासांचं एकच वेळापत्रक ओढताय. जून ते सप्टेंबर चार तास करा, सकाळी दोन, दुपारी दोन, आणि दुपारचे आजींकडे द्या. माझ्या सासूबाई मुलांकडून रोज पाऊण पान शुद्धलेखन लिहून घेतात, टाकळा-कुर्डूची भाजी निवडता निवडता. ऑगस्टात जागोजागी कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तुमच्याकडे भरला तर चुकवू नका. अंगणात उगवणारं मात्र जाणत्याला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच.

मैत्रिणींसाठी: वाचनालय. नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथे ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जात राहा. तीच तीच मुलं भेटायला लागली की ओळख होते, मुद्दाम घडवून आणावी लागत नाही.

पूररेषा

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालोय, मूळ पंचवटीचा. पावसाळ्यात नाशिकला बघायला काही नाही हे वाचून राहवलं नाही. अहो, गोदा आहे ना!

मुलांना नदीपात्रातला दुतोंड्या मारुती माहीत असेल. पाणी त्याच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, अख्खं नाशिक पूर असाच मोजतं. नारोशंकराच्या देवळाची घंटा त्याहून वरची खूण. आता याला आकडे जोडायचे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे पावसाळ्यात रोज बातम्यांत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. सात वर्षांचा मुलगा बादल्यांनी मोजेल, दहा वर्षांची मुलगी गुणाकार करेल. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालू राहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं, हे तिला भागाकार करून स्वतः काढू द्या, सांगू नका. गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या आसपास, मराठवाड्यातलं जायकवाडी १०२ च्या. मग विचारा, गंगापूर पुरतं रिकामं केलं तर जायकवाडीचा केवढा कोपरा भरेल? उत्तर आलं की मराठवाड्याचं आणि आपलं भांडण तिला वर्तमानपत्राशिवाय समजेल.

पुढची कडी तुमच्या ओळखीचीच आहे. ते पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे जायकवाडीला जातं. थंडीत पक्षी बघता ती जागा पावसाळ्यात काय काम करते ते मुलांनी पाहिलेलं नाही. पाऊस उघडला की जा, बंधाऱ्यापासून लांब उभे राहा.

घाटावर पूर बघायला उतरू नका. होळकर पुलाच्या बाजूने वरून दिसतं तेवढं पुरे, आणि पोलीस हटवतील तर मुकाट्याने हटा. १९६९, २००८, २०१६, २०१९ हे मोठे पूर, तुमच्या आजींना एकोणसत्तरचा आठवत असेल तर मुलांना लिहून घ्यायला लावा, मोबाइल आपोआप सुटेल.

घरच्या घरी पर्जन्यमापक करा. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही साडेआठलाच मोजा, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. इगतपुरी, त्र्यंबक, नाशिक आणि निफाड असे चार रकाने आखा. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना आकडा कसा कोसळतो ते बघा. द्राक्ष निफाडला का आणि भात इगतपुरीला का, हे पुस्तकात शोधावं लागणार नाही.

हिशेबनीस

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दापोलीताईंचा उलट्या वर्षाचा मुद्दा घरी सांगितला. बायको म्हणाली, बँकेत मार्चअखेर आणि तुझ्याकडे सप्टेंबरअखेर, मुलांचंच वर्ष तेवढं सरळ कशाला हवं. दुपारचे दोन तास आजींनी घेतलेत, शुद्धलेखनासकट. बाई, तुमचा निरोप त्यांना पोचवला.

काका, एकोणसत्तरच्या पुरात आजी नाशकातच होत्या. विचारलं तर तासभर बोलल्या, आणि आम्ही लग्नाला चौदा वर्षं होऊन यातलं काही ऐकलेलं नव्हतं. थोरली लिहून घेतेय. धाकट्याला फक्त कोणाच्या म्हशी वाहून गेल्या यात रस आहे.

इगतपुरीकर, आवणीसाठी व्यक्तिगत निरोप केलाय. इरलं तिकडच्या बाजारात मिळेल की कोणाकडून विणून घ्यावं लागेल?

आणि काका, एक शंका. पर्जन्यमापक म्हणून शीतपेयाची बाटली कापून उलटी नरसाळ्यासारखी बसवली, पण तळ वाकडा असल्यामुळे पहिले काही मिलिमीटर चुकतात. शिवाय आमच्या गच्चीत पाण्याच्या टाक्या आहेत.

इगतपुरीकर

इरलं बाजारात शोधू नका, मुलांच्या मापाचं तर नाहीच मिळायचं. आमच्या शेजारचे बाबा विणतात, दोघांची उंची कळवा.

पूररेषा

तळात खडे टाका आणि ते बुडेपर्यंत पाणी ओता, सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची खूण करा. रोज मोजून झाल्यावर पाणी पुन्हा त्या खुणेपर्यंत आणायचं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली यांची रुंदी सारखी असली पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. टाकी जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेवा, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांत बसवा. काल आमच्याकडे २३ मिमी झाला, तुमचा किती ते उद्या कळवा.