पाटी लावून खाडी वाचत नाही

ठाणे खाडी 2015 साली अभयारण्य झाली, 2022 साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत गेली, म्हणून फ्लेमिंगोंची काळजी मिटली, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. ऑगस्ट 2010 आठवा. मुंबई बंदराच्या तोंडाशी बाहेर निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया’ ही दोन मालवाहू जहाजं धडकली. कंटेनर समुद्रात, शेकडो टन तेल पाण्यात, त्यात ऐन पावसाळा. तेल थेट खारफुटीत शिरलं. वाळूवरचं तेल निदान खरवडता येतं हो. खारफुटीतल्या तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर थर बसला की झाड गुदमरतं, आणि पुसायला उतरलात तर मुळंच तुडवता. त्यामुळे साफसफाईच्या यंत्रांआधी मी विचारेन, चिंचोळ्या मार्गात समोरासमोर जहाजं सोडतंच कोण?