तिशीनंतरचं मूल आणि पहिली तपासणी कुणाची?

झोका_आखाजीचा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते. लिंबाला झोका, आमरस, खापरावरचे मांडे, सगळं यथासांग. दुपारी ओट्यावर मोठ्या आईने हात धरलाच. "काय वं माय, आजून काहीच नही का?"

मी ३४, नवरा ३८. गेलं वर्षभर प्रयत्न चालू आहेत. त्या वर्षात माझ्या सोनोग्राफ्या किती झाल्या ते मोजणं सोडलंय. थायरॉईड झालं, साखर झाली, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) झालं, आता नळ्या उघड्या आहेत का बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून एक्स-रे, करा म्हणतात. नवऱ्याची तपासणी? शून्य. चिठ्ठी पहिल्याच भेटीत मिळाली होती. ती त्याच्या पाकिटात घडी होऊन बसली आहे, कारण "आधी तुझं सगळं येऊ दे, मग बघू."

माझं मत सरळ आहे. तिशीतल्या जोडप्याने दवाखान्याची पायरी चढली की पहिली तपासणी नवऱ्याची व्हावी. वीर्यतपासणीला सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांत आणि एका दिवसात काम होतं. मूल न होण्यामागे जवळपास एक तृतीयांश जोडप्यांत मुख्य कारण पुरुषाकडे असतं, आणि बऱ्याच ठिकाणी दोघांकडे थोडं थोडं. तरी पोटात डाय सोडायचा तो बाईच्याच. हे उलटं नाही का?

भुसावळ_जंक्शन

ताई, निम्मी सहमत. लॅबमध्ये काम करते, म्हणून बोलते.

'पहिली' या शब्दाला माझी हरकत आहे. दोघांची एकाच आठवड्यात व्हावी. तुम्ही त्याच्यासाठी थांबाल आणि तो पाकिटातली चिठ्ठी आणखी चार महिने सांभाळेल, तर ते चार महिने तुमच्या वयातून जातील, त्याच्या नाही. हा अन्याय समाजाचा नाही, शरीराचा आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे १० ते २० लाख बीजं असतात, वयात येताना ३-४ लाख उरतात आणि ३७ च्या आसपास साधारण २५ हजार. संख्या एक वेळ सोडा, बीजाचा दर्जाही उतरतो, आणि गर्भपाताचं प्रमाण वाढतं ते त्यामुळेच. तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला पाचात एक संधी धरली तर चाळिशीत ती विसात एक होते.

म्हणून नियम असा: पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून मग तपासा, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, आणि चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नका. पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी टीबी झाला असेल तर वयाची वाट बघायची नाही. टीबी गर्भाशयात आणि नळ्यांतही होतो आणि कळत नाही. आपल्याकडे बंद नळ्यांमागे तो बऱ्याचदा सापडतो.

कळण्याची_भाकरी

तुम्ही सगळ्या मुली हुशार आहात, पण एकसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचं ऐका. आमच्या वहिनीला पहिलं मूल ३६ व्या वर्षी झालं, तेही कुठलीही सोनोग्राफी न करता. आता सहा महिने झाले की दवाखाना, वर्ष झालं की लाखांचं पॅकेज. शेत विकून आलेली माणसं मी पाहिली आहेत. मनावर ताण घेऊ नका, कानबाईला साकडं घाला, होईल.

झोका_आखाजीचा

काका, कानबाईचे रोट आमच्याकडे दरवर्षी होतात, त्याचा आणि याचा वाद नाही. पण वहिनींना ३६ ला झालं म्हणून सगळ्यांना होईल? ज्यांना झालं नाही त्या वहिन्या तुम्हाला सांगायला येत नाहीत.

भुसावळ_जंक्शन

काकांच्या पॅकेजच्या मुद्द्यात मात्र दम आहे. तरुण जोडप्यांत शंभरात ऐंशीच्या वर जणींना वर्षभरात आपोआप दिवस जातात. घाईने आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) ढकललेली जोडपी रोज दिसतात. तपासणी लवकर करा याचा अर्थ उपचार लवकर करा असा होत नाही.

शहादेकर७

माझं लिहू की नको असं झालं होतं. मी पुरुष, वय ३५, सुरतला कापड मार्केटात. बायको गावी आईजवळ. दोन वर्षं मूल नाही म्हणून घरात बोलणी, सगळी बायकोला. नंदुरबारच्या एका डॉक्टर बाईंनी साधा प्रश्न विचारला, "महिन्यातून किती दिवस घरी असता?" मी म्हटलं तीन-चार. मग त्यांनी कॅलेंडर काढलं.

महिन्यातले कामाचे दिवस फक्त सहा: बीज बाहेर पडायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं, वीर्यातले जंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून आधीचे दिवस जास्त मोलाचे. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. सगळ्यांचा चौदावा दिवस नसतो, बायकोचं चक्र ३२ दिवसांचं, म्हणजे तिचा अठरावा. मागच्या नऊ महिन्यांत त्या सहा दिवसांत मी घरी किती वेळा होतो? दोनदा. बाकी वेळ मी पगारानंतरच्या शनिवारी ताप्ती लाईनच्या गाडीने यायचो आणि घरचे म्हणायचे दोन वर्षं झाली.

तेव्हा पहिली तपासणी कुणाचीच नको. आधी कॅलेंडर बघा. सुरतेला, पुण्याला, फौजेत असलेल्या खान्देशातल्या निम्म्या घरांचा हा प्रश्न आहे.

दंड_बैठक_धुळे

शहादेकर, मोकळं लिहिलंत. मग मीही लिहितो.

माझ्या वीर्याच्या रिपोर्टात जंतूंचा आकडा शून्य आला होता. कमी नाही, शून्य. बायकोच्या तपासण्या आठ महिने झाल्या, सगळं नॉर्मल, आणि मी छाती फुगवून बसलेलो. जिममध्ये एकाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होतो. मर्दानी हार्मोन, मग मूल व्हायला मदतच होणार, असं माझं गणित. डॉक्टर हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण. बाहेरून ते हार्मोन आलं की मेंदू आतला कारखाना बंद करतो आणि जंतू तयार होणंच थांबतं. इंजेक्शनं बंद केल्यावर नऊ महिन्यांनी आकडा वर आला. सगळ्यांचा येतोच असं नाही.

वीर्यातले जंतू तयार व्हायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. म्हणून गुटखा, सिगारेट, दारू आज सोडली तर रिपोर्टमध्ये फरक तीन महिन्यांनी. जोराचा ताप येऊन गेला असेल तरी एक रिपोर्ट खराब येऊ शकतो, तो पुन्हा करावा, लगेच खचू नये. (गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे. आमच्या गल्लीतल्या टपरीला कुणी कळवलेलं दिसत नाही.) भट्टीसमोर, बॉयलरजवळ काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अंडकोशांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो.

झोकाताई, तुमच्या नवऱ्याला माझी पोस्ट वाचायला द्या.

सातपुडा_नर्स

आदिवासी भागात काम करते. इथे कुणी एएमएच विचारत नाही, विचारायचं ते सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार असेल. वाहकाला स्वतःला काहीच जाणवत नाही. ही तपासणी दिवस जायच्या आधी झाली तर निर्णय घ्यायला वेळ मिळतो. सरकारी यंत्रणेत ती होते, २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही आहे.

आणि फॉलिक ॲसिड. ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करायच्या किमान एक महिना आधीपासून. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांत घडतो, बाईला कळेपर्यंत ते काम होऊनही गेलेलं असतं. तपासणी कुणाची आधी यावर भांडा, पण गोळी आजपासून.

झोका_आखाजीचा

गोळी चालू आहे ताई. आता खरं सांगते. माझं एएमएच १.१ आलं, कमी आहे म्हणून मला थेट आयव्हीएफ सांगितलं. नवऱ्याचा रिपोर्ट न बघता.

भुसावळ_जंक्शन

नवऱ्याचा रिपोर्ट न बघता? मग तुमची 'पहिली' मला मान्य. एएमएच साठा किती ते सांगतं, बीज चांगलं की वाईट ते नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल याचा अंदाज त्यातून येतो. नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. दुसरं मत घ्या. आणि आयव्हीएफने बीजाचं वय मागे जात नाही हेही लक्षात असू द्या.

चाळीसगावची_मावशी

हे वाचून कुणी निर्धास्त होऊ नका. माझ्या बहिणीला ३४ व्या वर्षी असंच सांगितलं, एएमएचला घाबरू नका. तिने ते 'काही करू नका' असं ऐकलं. नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, होता होता ३९. तेव्हा स्वतःच्या बीजाने दोन आयव्हीएफ केले, दोन्ही गेले. आकडा खोटा असेल, वय खोटं नव्हतं. मला विचाराल तर ३४ ला थोडी घाई केलेली बरी. माणूस पैशाने रडतो ते परवडतं.

कळण्याची_भाकरी

पैशाने रडणं परवडतं असं ज्याने शेत विकलं नाही तोच म्हणतो. बाकी त्या सुरतवाल्या पोराचं मला पटलं. माझा पुतण्याही तिकडेच आहे. आज फोन करतो.

झोका_आखाजीचा

मावशी, मलाही तीच भीती आहे, म्हणून तर नवऱ्यासाठी थांबायचं की नाही हे कळत नव्हतं.

धुळेकर दादा, तुमची पोस्ट काल रात्री नवऱ्याला दाखवली. दोनदा वाचली. मग पाकिटातून चिठ्ठी काढली, पार मऊ झाली होती. म्हणाला, "लॅबमध्ये नाही जमणार मला, घरी चालेल का?" आमचं गाव जळगावपासून गाडीने सव्वा तास. चालेल?

भुसावळ_जंक्शन

नाही चालणार. तासाभरात लॅबमध्ये पोचावं लागतं, तेही अंगाच्या उबेत, खिशात ठेवून. जळगावात कुणी पाहुणे असतील तर आदल्या रात्री मुक्कामाला या. आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा. डबी लॅबचीच घ्या, घरातली बाटली नको.

झोका_आखाजीचा

नणंद आहे जळगावात. पण तिला काय सांगून मुक्काम करायचा?

दंड_बैठक_धुळे

सकाळी केळीचा भाव बघायला जायचंय म्हणा. मी तेच सांगितलं होतं.