डिजिटल हलगी: एका आघाताचे दोन आवाज, आणि हात न लावताही वाजणे

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)

नमस्कार. हलगी शेकल्याशिवाय तिचे कातडे बोलत नाही आणि रात्री ती वाजवली की शेजारी तक्रार करतात (भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट त्यांना चालतो, हे वेगळे). म्हणून सरावापुरती डिजिटल हलगी बनवत आहे. प्लायवूडच्या गोल चकतीवर रबर चिकटवून पाठीमागे तयार पिझो मॉड्यूल (कंपाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा संवेदक) बसवले आहे. ते आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडले असून, हलगीचे आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज लॅपटॉप वाजवतो. टिपरू (हलगीवर मारायची काठी) एकदा पडले तरी आवाज दोनदा येतो. आघात आणि आवाज यांत कानाला जाणवेल इतका उशीर होतो. आणि कोणी हात लावला नसतानाही हलगी मधूनच वाजते. मॉड्यूल बदलावे की अधिक वेगवान बोर्ड घ्यावा?

उत्तर १

तिसऱ्या अडचणीचे उत्तर बहुधा तुमच्या कंसातच आहे. पिझो चकती कंप टिपते. तो टिपऱ्याचा की जमिनीतून आलेला मागाचा, हे तिला कळत नाही. एक जाड सोलापुरी चादर चौपदरी घडी करून हलगीखाली ठेवा आणि माग चालू असतानाच पाहा. तरीही वाजत राहिली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तपासा, म्हणजे दोष कंपाचा की विजेचा हे वेगळे काढता येईल.

मॉड्यूल मात्र बदलाच. अशा अनेक तयार मॉड्यूलांवर तुलना करणारी चिप असते आणि ती फक्त ‘आघात झाला’ किंवा ‘नाही झाला’ एवढेच सांगते. हलका हात आणि जोरदार फटका तिच्या लेखी सारखेच. साधी पितळी पिझो चकती घेऊन तिच्याशी समांतर १ मेगाओहमचा रोध लावा. जोराच्या फटक्याला चकती उनोच्या ५ व्होल्टच्या मर्यादेबाहेर सहज जाते, शिवाय उलट्या दिशेचाही व्होल्टेज देते, म्हणून पिनेपूर्वी एक रोध आणि दोन डायोड घालून तो बांधून घ्या. मग ० ते १०२३ या आकड्यांत फटक्याचा जोर मिळेल.

उत्तर २

बोर्ड बदलण्याआधी कोड तपासा. उनो एक ॲनालॉग वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात करते, त्यामुळे उशीर तिच्यामुळे होत असण्याची शक्यता कमी. मात्र लॅपटॉपला संदेश पाठवण्याचा वेग ९६०० बॉड असेल, तर एक अक्षर पाठवायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे कोडमध्ये तपासणीसाठी छापायला ठेवलेली दहा अक्षरांची ओळ १० मिलिसेकंद खाऊन टाकते. लॅपटॉपचा ध्वनी-बफर (वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवायची जागा) १०२४ नमुन्यांचा असेल, तर ४४,१०० हर्ट्झवर आणखी २३ मिलिसेकंद जातात. तो १२८ वर आणला की हे अंतर ३ मिलिसेकंदांच्या आत येते. वेगवान बोर्डांपैकी टीन्सी ४.० उत्तम आहे, ती थेट यूएसबी मिडी उपकरण (संगणकाला वाद्याच्या सूचना देणारे) म्हणूनही ओळखली जाते, पण तिच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही आणि तुमचा बफर ती कमी करणार नाही.

दुहेरी आवाजाचे कारण असे की आघातानंतर प्लायवूड थरथरत राहते. उंबरठा (ज्याच्या वर आकडा गेला की आघात मानायचा ती पातळी) ओलांडल्यावर २ मिलिसेकंद सर्वांत मोठा आकडा शोधा, आघात नोंदवा आणि पुढचे ३० मिलिसेकंद काहीही ऐकू नका.

उत्तर ३

मी हलगी वाजवतो. इलेक्ट्रॉनिक्समधले मला फारसे कळत नाही. पण ३० मिलिसेकंद कान बंद ठेवले, तर टिपऱ्याला लगटून पडणारी डाव्या हातातली काडी हरवणार, आणि हलगीची खरी मजा त्या काडीत आहे. शिवाय कडेचा आणि मधला आवाज वेगळा असतो, तो एका चकतीला कसा कळणार?

उत्तर २ (पुन्हा)

हरकत रास्त आहे. कान पूर्ण बंद न करता, फटक्याच्या जोराइतका वर चढवलेला उंबरठा ३० मिलिसेकंदांत हळूहळू खाली उतरवा, म्हणजे थरथर गाळली जाईल आणि जोराची काडी निसटून वर येईल. कडेसाठी दुसरी चकती काठाजवळ लावून, कोणत्या चकतीवर आकडा मोठा येतो ते पाहा.

प्रश्नकर्ता

चादर घातल्यावर माग चालू असतानाही हलगी गप्प आहे. तपासणीची ओळ काढली, बफर १२८ केला. उशीर आता कानाला कळत नाही. उतरत्या उंबरठ्याने दुहेरी आवाज गेला, पण हलकी काडी अजून दहांत तीन-चार वेळा गळते. प्लायवूडची थरथर पिझो चकतीपर्यंत कमी पोचावी म्हणून ती चकती आणि लाकूड यांच्यामध्ये फोम घालून पाहतो आणि आकडे इथेच कळवतो.